टॉवेलातलं बाळ आणि फॉर्म सी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लहान मुलं दिसतात ती खोक्यांवर आणि कॅटलॉगच्या पानांवर. टोपी शिवलेल्या टेरी टॉवेलात गुंडाळलेलं सात-आठ महिन्यांचं बाळ, आंघोळीनंतरचा गाऊन घातलेली चार वर्षांची मुलगी, टाय लावून पाठीला दप्तर अडकवलेला दुसरी-तिसरीतला मुलगा. आत मागांचा खडखडाट चाललेला असतो आणि बाहेर टेम्पोत चढणाऱ्या मालावर हे हसरे चेहरे असतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. गणवेशाचा धंदा त्यामानाने अलीकडे नावारूपाला आला, पण त्याने चांगलंच बाळसं धरलं. श्री सोलापूर रेडीमेड कापड उत्पादक संघाने गणवेशांची मोठी प्रदर्शनं भरवली, आधी सोलापुरात आणि मग मुंबई, बेंगळुरू, हैदराबादेतही. प्रदर्शन म्हटलं की कॅटलॉग आला आणि लहानांच्या कपड्यांचा कॅटलॉग म्हटला की मूल आलंच.

हे मूल येतं कुठून? मोठा ब्रँड असेल तर मुंबईच्या एजन्सीकडून. मधला कारखानदार असेल तर इंटरनेटवर विकत मिळणारे तयार फोटो घेतो, म्हणून सोलापूरच्या टॉवेलवर कधी कधी निळ्या डोळ्यांचं, भुऱ्या केसांचं बाळ दिसतं. छोटा असेल तर भाचा, पुतणी, शेजाऱ्याचं पोर, नाहीतर कामगाराचं. आणि आता चौथी वाट निघाली आहे: संगणकाने बनवलेलं, कुठेच न जन्मलेलं मूल. या चार वाटांपैकी पहिलीची जाहिरात सध्या जोरात आहे, कारण ती आई-बापांच्या मोबाइलवर थेट येऊन पोचते.

नीलम नगरात किंवा सुनील नगरात राहणाऱ्या एखाद्या आईने बाळाच्या उष्टावणाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, की दोन दिवसांत मेसेज येतो. ‘अभिनंदन! तुमच्या बाळाची आमच्या किड्स ब्रँडसाठी निवड झाली आहे. जागा मर्यादित. रजिस्ट्रेशन आजच करा.’ खाली एका नामांकित कंपनीचा लोगो, नऊ दातांत हसणारं भलतंच एक बाळ आणि एक क्यूआर कोड. घरात मराठी बोलत असोत, तेलुगू असो की कन्नड, मेसेजचा साचा हाच. रक्कम मुद्दाम अशी ठेवलेली असते की घरात फार चर्चा होऊ नये. ती भरली की ‘पोर्टफोलिओ सक्तीचा आहे’ असं कळतं आणि तो त्यांच्याच फोटोग्राफरकडून काढायचा असतो. त्यानंतर ग्रूमिंगचा वर्ग, मग एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये ‘शो’, त्याची प्रवेश फी वेगळी, ड्रेसचं भाडं वेगळं, ट्रॉफीचेही पैसे वेगळे. काम मात्र ‘प्रोसेसमध्ये’ असतं.

इथे एजन्सी निवडण्याची जवळजवळ सगळी विद्या एका प्रश्नात मावते: पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात चालला आहे? खऱ्या धंद्यात पैसा कंपनीकडून निघतो. कंपनी जाहिरात संस्थेला किंवा फोटोग्राफरला काम देते, ते कास्टिंग डायरेक्टरला किंवा मुंबईत ज्याला ‘को-ऑर्डिनेटर’ म्हणतात त्याला सांगतात, तो आपल्या यादीतल्या मुलांचे फोटो पाठवतो, एकाची निवड होते, काम होतं, मानधन येतं आणि त्यातून एजन्सी आपलं कमिशन कापून घेते. सोलापूरच्या बाजार समितीतला अडत्या कांदा विकला गेल्यावर अडत घेतो. कांदा गाडीतून उतरायच्या आधीच ‘तुमच्या कांद्याचा फोटो काढायचा आहे, पैसे भरा’ म्हणणाऱ्याकडे शेतकरी गाडी लावेल का? एजन्सीची कमाई मुलाच्या कामातून होत असेल तर ती काम शोधेल. नोंदणीतून होत असेल तर ती नवी नोंदणी शोधेल. त्यात तिची नियत वाईट असायलाच हवी असंही नाही, गणितच तसं आहे.

ब्रिटनमध्ये 2010 पासून छायाचित्र आणि फॅशन मॉडेलांकडून आगाऊ फी घ्यायला एजन्सींना कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे मॉडेलिंग एजन्सी काढण्यासाठी असा वेगळा परवाना लागत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ‘शॉप ॲक्ट’ पाहून पालक निर्धास्त होतात, पण महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकी माणसं असलेल्या छोट्या आस्थापनेने नुसती ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम नोंदणी तर स्वतःच स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर होते. हे कागद खोटे नसतात, ते फक्त कशाचीच हमी देत नाहीत. त्यापेक्षा जीएसटी क्रमांक मागावा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहावा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कोणत्या तारखेची आहे, चालू आहे की रद्द झाली, हे फुकटात कळतं. ‘गेली बारा वर्षं आम्ही या क्षेत्रात’ म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या दिवाळीतली निघाली, तर पुढचं बोलणं आपोआप सोपं होतं.

पोर्टफोलिओबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. तेवीस वर्षांच्या मॉडेलचा पोर्टफोलिओ वर्षभर तरी चालतो. सात महिन्यांच्या बाळाचा चेहरा दहाव्या महिन्यात वेगळा असतो: जावळ काढलेलं, दोन दात आलेले, गाल उतरलेले, रांगायला लागलेलं. महागड्या अल्बममधलं बाळ मग अस्तित्वातच नसतं. म्हणून कामाचा माणूस बाळाचे साधे, ताजे फोटो मागतो. खिडकीच्या उजेडात, मोबाइलवर, साध्या एकरंगी कपड्यात काढलेले: एक समोरून, एक बाजूने, एक हसरा, एक उभा किंवा बसलेला पूर्ण. काजळ नको, तीट नको, फिल्टर तर नकोच. (आजी तीट लावल्याशिवाय फोटो काढू देत नसेल तर तीट असलेलाच पाठवावा. कुणाचं काम तेवढ्यासाठी अडलेलं नसतं.) आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही पैसे मोजून पोर्टफोलिओ काढून घेतला असेल, तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार त्या फोटोंची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. वेगळा करार केलेला नसेल तरच. हा ‘वेगळा करार’ नोंदणी फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक टायपात असतो.

कॅटलॉगच्या कामात तर रूपाचा मुद्दा आणखी खाली जातो. गणवेशाच्या शूटला कारखान्यातून सॅम्पल पीस येतात, ठरावीक नंबरचे. शर्टाचा नंबर चोवीस किंवा सव्वीस, चड्डीचा त्याच्या जोडीचा. मूल त्यात बसलं पाहिजे. थोडं सैल असेल तर पाठीमागे कपड्याच्या चुण्या घेऊन क्लिपा लावतात. समोरून शर्ट अंगासरशी शिवल्यासारखा दिसतो आणि मागून पोराच्या पाठीवर सहा-सात क्लिपांची रांग असते, म्हणून त्याला ‘वळू नकोस हं’ असं सतत बजावावं लागतं. अशा शूटसाठी जी एजन्सी पहिल्याच फोनवर उंची, छाती, कंबर आणि बुटाचा नंबर विचारते, तिला धंदा कळतो. ‘तुमचं बाळ फारच क्यूट आहे’ एवढंच म्हणणारीला विकायचं आहे, आणि गिऱ्हाईक तुम्ही आहात.

आता कायद्याकडे. या शहरात 1986च्या बालमजुरी कायद्याचं नाव घेतलं की विडी वळणाऱ्या आईशेजारी बसलेली मुलं आणि मागाखाली खेळता खेळता कामाला लागलेली मुलं डोळ्यांपुढे येतात. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प ज्या जिल्ह्यांत राबवला गेला त्यात सोलापूर होतं. टॉवेलच्या खोक्यावरचं बाळही त्याच कायद्याखाली येतं, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. 2016च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही व्यवसायात कामाला लावण्यावर बंदी आली. अपवाद दोनच: शाळा सांभाळून आपल्या घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत, आणि दृकश्राव्य मनोरंजन क्षेत्रातलं कलाकार म्हणून काम. जाहिरातीचा उल्लेख या दुसऱ्या अपवादात शब्दशः आहे. म्हणजे मुलाचं मॉडेलिंग हा हौसेचा मामला नाही. ते काम आहे आणि बंदीतून अटी घालून सोडवलेलं काम आहे.

या अटी 2017 मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत आहेत आणि त्या कागदावर तरी चांगल्या आहेत. मुलाने दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. शूट ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरची, परवानगी निर्मात्याने घ्यायची. त्यासाठी ‘फॉर्म सी’ नावाचं हमीपत्र द्यायचं, त्यासोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव. हे हमीपत्र सहा महिने चालतं. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. सलग सत्तावीस दिवसांवर काम नको, शाळेत खंड नको. मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीच नको.

एजन्सीला विचारायचा दुसरा मोठा प्रश्न इथून निघतो: ‘फॉर्म सी कोण भरणार?’ यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. ‘निर्माता भरतो, आम्ही तुम्हाला प्रत देऊ’ हे बरोबर उत्तर. ‘छोट्या शूटला कोण भरतं हो?’ हे प्रामाणिक पण घातक उत्तर. आणि ‘ते काय असतं?’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठावं. टॉवेलच्या अर्ध्या दिवसाच्या शूटसाठी कलेक्टर कचेरीत कोण जाणार, असं कारखानदाराला वाटतं हे मी समजू शकतो. पण कॅटलॉग ही धंद्याची जाहिरातच आहे आणि चार वर्षांच्या मुलीला हॅलोजनसमोर उभं करायचं तर एवढी तसदी घ्यायलाच हवी, असं माझं मत आहे.

कामगाराच्या मुलाचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘उद्या पोराला आंघोळ घालून घेऊन ये, दोन फोटो काढायचेत’ असं मालकाने किंवा मालकाच्या मुलाने म्हटलं, तर मागावरचा माणूस नाही म्हणेल का? तो आनंदानेच आणेल. पोराचा फोटो छापून आला म्हणून घरी कौतुकही होईल. पैसे मात्र विचारता येणार नाहीत आणि पुढच्या वर्षी तोच फोटो तिसऱ्याच मालावर दिसला तर तेही विचारता येणार नाही. बाहेरची एजन्सी मध्ये असण्याचा खरा फायदा अशा ठिकाणी आहे. तिला मालकाकडे पगार मागायला जायचं नसतं.

बाळांच्या शूटची गत आणखी निराळी. तान्ह्या बाळासाठी कामाचा दिवस पाच तासांचा नसतोच, तो दूध पिऊन झाल्यापासून झोप येईपर्यंतचा असतो. त्यातली कामाची वेळ वीस मिनिटं असली तरी खूप. अनुभवी लोक शूटची वेळ बाळाच्या झोपेवरून ठरवतात आणि आईला आधीच विचारतात. मोठ्या जाहिरातींत एकाच भूमिकेसाठी दोन-तीन बाळं बोलावून ठेवतात, एक रडलं तर दुसरं. जुळी असली तर सोन्याहून पिवळं. म्हणून ‘राखीव’ म्हणून बोलावलेल्या बाळाला कॅमेऱ्यापुढे नेलं नाही तरी मानधन मिळणार का, किती मिळणार, हे आधी लिहून घ्यायचं असतं. सोलापुरातला एप्रिल-मे आणि पत्र्याची शेड यांचं गणित तर इथल्या माणसाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे असतो, वर शूटचे दिवे, त्यात जाड टेरीचा टॉवेल. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून गणवेशाचे नमुने आणि कॅटलॉग त्याच्या बरेच आधी लागतात, हे त्यातल्या त्यात बरं. टॉवेलला मात्र असा हंगाम नाही.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2022 मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला होता. तीन महिन्यांखालच्या बाळाला स्तनपान किंवा लसीकरणासारख्या जनजागृतीशिवाय इतर कामात घेऊ नये, सेटवर मुलांच्या संपर्कात येणाऱ्यांनी संसर्गजन्य आजार नसल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी व्हावी, लहान मुलांना भगभगीत प्रकाश आणि त्रासदायक सौंदर्यप्रसाधनांपासून जपावं, असं त्यात होतं. घरात या सूचनांना कायद्याइतकंच मानावं. बाळाला उचलणाऱ्या मेकअपवालीला सर्दी झाली आहे का, हे विचारायला कुठल्या कलमाची गरज नाही. आणि ‘पालकांनी बाहेर थांबायचं, बाळ तुम्हाला बघून रडतं’ असं कुणी म्हणालं तर बाळासकट बाहेर पडावं. कॅमेऱ्याच्या मागे, पण बाळ दिसेल अशा जागी पालक असलाच पाहिजे. कामाचे लोक उलट आईलाच कॅमेऱ्याशेजारी बसवतात, कारण बाळ तिच्याकडे बघूनच हसतं.

फसवणूक ओळखायची एक हमखास खूण कायद्यानेच देऊन ठेवली आहे. एखादा एजंट म्हणाला, ‘दुधाच्या पावडरीच्या डब्यावर तुमच्या बाळाचा फोटो येईल’, तर तो थापा मारतो आहे. अर्भकांच्या दुग्धपर्यायांसंबंधीच्या 1992च्या कायद्याने बाळाच्या दुधाची पावडर, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं तयार खाणं यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. पावडरीच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायलाही मनाई आहे. स्तनपान मागे पडू नये म्हणून केलेला हा नियम. औषधाच्या दुकानात जाऊन डबे बघा, एकावरही बाळ दिसणार नाही. डायपर, साबण, तेल, कपडे, टॉवेल यांवर बाळं असतात आणि तिथे खरं काम असतं.

आता मानधन. चार्ली चॅप्लिनच्या 1921च्या ‘द किड’मधला पोरगा जॅकी कूगन पुढे त्या काळातला अतिशय महागडा बालकलाकार झाला. वयात येऊन पाहतो तो लाखो डॉलरच्या कमाईतलं फारसं काही उरलेलं नव्हतं, आई आणि सावत्र बापाने ते उडवलं होतं. 1938 मध्ये त्याने दावा लावला आणि हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. त्यानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला, तो अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या 2017च्या नियमात हीच सोय आहे: मुलाच्या उत्पन्नातला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट भरायचा, तो मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. ‘थेट’ हा त्यातला कळीचा भाग, म्हणजे आधी बाबांच्या खात्यात आणि मग जमलं तर ठेवीत, असं नाही.

समजा एखाद्या कॅटलॉगचे 8,000 रुपये ठरले. एजन्सीने 25 टक्के कमिशन म्हणून 2,000 घेतले. ठेवीचे 20 टक्के 8,000 वर धरायचे की 6,000 वर, हे करारात लिहून घ्यावं. मुलाची कमाई 8,000 आहे, कमिशन हा खर्च आहे, म्हणून 1,600 भरावेत असं माझं मत. मानधन साधारण दोन-तीन महिन्यांनी हातात पडतं, कारण कंपनीकडून जाहिरात संस्थेला, तिथून एजन्सीला असा त्याचा प्रवास असतो. म्हणून ‘पेमेंट किती दिवसांत’ हा रकाना करारात कोरा सोडू नये. मुलाचं पॅनकार्ड काढून घ्यावं, लहान मुलाचंही निघतं. टीडीएस कापला गेला तर तो मुलाच्या पॅनवर दिसला पाहिजे, आईच्या नाही. आयकर कायद्यात अल्पवयीन मुलाचं उत्पन्न सहसा आई-वडिलांपैकी ज्याची कमाई जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात, पण मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेलं उत्पन्न त्याला अपवाद आहे. ते मुलाचंच धरलं जातं. ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात जातं. सीएला हे दोन्ही सांगावं लागतं, कारण त्याच्याकडे असे अशील रोज येत नाहीत.

पैशापेक्षा जास्त काळ टिकते ती सही. न्यूयॉर्कमध्ये ब्रुक शील्ड्स या अभिनेत्रीचे ती दहा वर्षांची असताना काढलेले फोटो होते, नको त्या प्रकारचे. आईने छायाचित्रकाराला सरसकट संमती लिहून दिली होती. मुलगी थोडी मोठी झाली तेव्हा ते फोटो थांबवायला कोर्टात गेली. 1983 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की आईने दिलेली संमती मुलीला मागे घेता येणार नाही. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे आणि 1903च्या मोहोरीबीबी खटल्यापासून अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल धरतात. पण म्हणूनच एजन्सी मुलाची सही घेत नाही, तुमची घेते.

त्या कागदावर ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर पेन खाली ठेवावं. गणवेशाचा कॅटलॉग एका हंगामाचा असतो, टॉवेलचं पॅकिंग फार तर दोन-तीन वर्षांचं. तेवढीच मुदत लिहावी: अमुक कंपनी, अमुक माल, अमुक वर्षापर्यंत, छापील कॅटलॉग आणि कंपनीचं संकेतस्थळ. मुदत वाढवायची असेल तर नवं मानधन. धंद्यात याला ‘यूसेज’ म्हणतात आणि कायमचे हक्क विकण्याला ‘बायआउट’. बायआउट द्यायचाच असेल तर त्याचा भाव कित्येक पट मागता येतो. जी एजन्सी यूसेजचा विषय स्वतःहून काढते तिच्यावर माझा बराच भरवसा बसतो. इतरांना तो विषयच नको असतो.

आता करारात एक ओळ नव्याने घालावी लागते: या फोटोंवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने नवे फोटो बनवायचे नाहीत, चेहरा दुसऱ्या कशावर लावायचा नाही. सहा कोनांतून काढलेले एका मुलाचे फोटो हाती असले की त्याला न बोलावता साठ गणवेशांत उभं करता येतं. त्यापेक्षा कारखानदाराने सरळ काल्पनिक मूल वापरावं, त्याला माझी हरकत नाही. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगीदेखील कुणाचा फोटो नाही, 1960च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेचे मगनलाल दैया यांनी काढलेलं चित्र आहे. ती कुणाची लेक याच्या कहाण्या मात्र लोक अजून सांगतात.

सोलापूरहून मुंबई साडेचारशे किलोमीटर आहे. फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत सुरू झाली तरी ‘उद्या अकरा वाजता वर्सोव्याला आरामनगरला या’ असा फोन आल्यावर आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन धावायचं कारण नाही. पहिली फेरी आता मोबाइलवरच्या व्हिडिओवर होते. तो घरी काढून पाठवायचा. नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंनी चेहरा आणि मूल चार गोष्टी बोललं तर उत्तम. यादीत शेवटच्या दोन-तिघांत नाव आलं आणि प्रवासखर्च कोण देणार हे ठरलं, मगच तिकीट काढावं. एजन्सी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नाव ठेवायला मनाई करत असेल, म्हणजे ‘एक्सक्लुझिव्ह’ करार मागत असेल, तर वर्षाला किती काम देणार हे आधी लिहून द्यायला सांगावं. सहसा तेव्हा विषय बदलतो. पडद्यावरच्या कामाचं म्हणाल तर सोलापूर जिल्ह्याने एक उलटंच उदाहरण घालून दिलं आहे. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे. त्यांच्या ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे आणि ‘सैराट’मधली अकलूजची रिंकू राजगुरू या दोघांचीही दखल राष्ट्रीय पुरस्कारांनी घेतली. दोघांनाही दिग्दर्शकाने गावाकडे शोधलं होतं, त्यांच्या हातात कुणाचा पोर्टफोलिओ नव्हता.

एजन्सीबद्दल विचारायचं तर तिथे आधी काम केलेल्या दोन-तीन मुलांच्या आई-वडिलांशी बोलावं, आणि ही नावं एजन्सीने दिलेली नकोत. कॅटलॉगवर छायाचित्रकाराचं किंवा कंपनीचं नाव असतं, तिथून माग काढता येतो. कंपनीच्या ऑफिसात फोन करून ‘अमुक एजन्सी तुमच्यासाठी मुलं निवडते का’ असं विचारलं तर कुणी रागावत नाही. लोगो चोरून वापरणाऱ्यांची भानगड याच एका फोनवर उघडी पडते.

पैसे भरून बसला असाल तर लाजून गप्प राहू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी फोन आणि मग नातेवाइकांशी चर्चा. मेसेज, क्यूआर कोड, व्यवहार क्रमांक, फॉर्म यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधीच. बाळाचे फोटो कुणी गैर प्रकारे वापरल्याची शंका आली, किंवा ‘टॉवेलच्या शूटसाठी उघड्या अंगाचे फोटो पाठवा’ अशी मागणी आली, तर तो पैशाचा मामला राहत नाही, तिथे 2012चा पॉक्सो कायदा लागू होऊ शकतो. त्यासाठी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पोलिस ठाणं आहे. टॉवेलच्या कुठल्याही खऱ्या शूटसाठी असे फोटो आधी मागवत नाहीत.